आधी मांडव, मग बी : वाल, वेलघेवडा आणि लाल फुलांचा घेवडा (कोल्हापूर परिसर)

करवीरकाठ

"वेल मांडवभर पसरलाय, पानं हत्तीच्या कानाएवढी, पण शेंगेचा पत्ता नाही." हा प्रश्न गणपतीत सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत चालू राहतो. उत्तर बहुतेक वेळा खतात किंवा औषधात नसतं. कोणतं बी कोणत्या महिन्यात टाकलं, त्यात असतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

पहिली भानगड नावाची. घेवडा, वाल, पावटा, वरणा, बिनीस ही नावं गावागणिक बदलतात. कपिलतीर्थ मार्केटात एक जण ज्याला घेवडा म्हणतो, त्यालाच लक्ष्मीपुरीत दुसरा वाल म्हणून तोलून देतो. तेव्हा नाव सोडा, बी हातात घ्या. बियाच्या कडेला लांबट, पांढरी, वर उचललेली रेघ असेल, कडेवर खडूचा जाड फटकारा मारल्यागत, तर ते वालाच्या कुळातलं. पोटाच्या मधोमध फक्त बारीक लंबगोल डोळा असेल, तर ते घेवड्याच्या म्हणजे राजम्याच्या कुळातलं. दोघांची रीत पूर्ण वेगळी.

वालाच्या देशी वेलजातींना फुलायला मोठी रात्र लागते. बी जूनमध्ये टाका नाहीतर ऑगस्टमध्ये, कळी दसऱ्याच्या आसपासच दिसणार आणि शेंगांचा भर मार्गशीर्ष-पौषात. जूनला टाकलं तर वेल अजस्र होतो, शेंगही भरपूर, पण मांडव तसाच दणकट हवा. जागा लहान असेल तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात टाका. वेल आटोपशीर राहतो आणि फुलायची वेळ जवळपास तीच.

वेलघेवड्याला दिवस-रात्रीचं फारसं घेणंदेणं नाही, त्याला उन्हाचा त्रास. १६ ते २४ अंशांत तो खुशीत असतो. ३० च्या वर गेलं की फुलं येतात आणि गळतात. आपल्याकडं सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्य ही त्याची पेरणी. ४५-५० दिवसांत फूल, साधारण दोन महिन्यांत पहिली तोड. जानेवारीत पेरलेल्याची फुलं मार्चच्या उन्हात सापडतात. मग "बियाणंच बोगस" म्हणून दुकानदाराला शिव्या.

गच्चीवरचा_वेल

उपयुक्त. कळंब्याकडं गच्ची आहे, पश्चिमेला मोकळं रान. रंगाच्या २० लिटरच्या बादल्या आहेत. एका बादलीत किती वेल लावायचे? आणि काठ्या वाऱ्यानं आडव्या होणार नाहीत यासाठी काय करायचं?

चिवाकाठी

बादलीत वालाचा एकच वेल, घेवड्याचे दोन. तिसरा लावायचा मोह आवरा. बादलीच्या तळाला करंगळी जाईल अशी ५-६ भोकं, आणि बुडापासून दोन इंच वर बाजूनंही ३-४. गच्चीच्या फरशीवर टेकून तळाची भोकं बुजतात तेव्हा बाजूची कामाला येतात. बादली दोन विटांवर ठेवा. फरशीही निथळती राहते. भरायला दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. नदीकाठची काळी माती एकटी भरू नका. पावसात तिचा चिखल होतो, उन्हात ती भेगाळते आणि मुळं तुटतात.

आता वारा. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा एकसारखा असतो. पानांनी भरलेली सपाट ताटी त्याच्यासमोर उभी केली की ती शिडासारखी फुगते आणि बादलीसकट आडवी होते. एरवी ताटी उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे दोन्ही अंगांना ऊन मिळतं. पावसाळ्यात गच्चीवर हा नियम मोडा आणि ताटी पूर्व-पश्चिम करा, म्हणजे वाऱ्याला तिची फक्त कड लागेल. त्याहून बरं म्हणजे बादलीत चिव्याच्या, म्हणजे भरीव बांबूच्या, तीन काठ्या रोवून शेंड्याला एकत्र बांधा. सात फुटी काठी, फूटभर मातीत. शेंड्याच्या गाठीपासून एक दोरी कठड्याच्या हुकाला. ऑक्टोबरच्या घेवड्याला हा वाऱ्याचा त्रास नाही, तिथं खुशाल उत्तर-दक्षिण ताटी करा.

काठी चिव्याचीच घ्या. चिवा भरीव असतो. कळक म्हणजे पोकळ बांबू, तो पेऱ्यात पाणी धरतो आणि बुडातून कुजतो. कळकच मिळाला तर वरचं तोंड पेऱ्याच्या गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे आत पाणी साठणार नाही.

करवीरकाठ

चिवाकाठीभाऊ, जमिनीवरच्या मांडवाचंही लिहा की. परड्यात लावणारे बरेच आहेत.

चिवाकाठी

लिहितो. मांडव बी टाकायच्या आधी उभा राहिला पाहिजे. नंतर पहार मारून खड्डे घेतले की मुळं तुटतात, आणि आधार नसलेला वेल आठ दिवसांत स्वतःभोवतीच गुंडाळून बसतो. मग सोडवायला गेलं की शेंडा मोडतो.

१० × १० फुटांच्या मांडवाला नऊ मेढी म्हणजे लाकडी खांब : चार कोपरे, चार मधल्या कडा, एक मध्यभागी. मेढ आठ फुटी, दोन फूट जमिनीत, सहा फूट वर. सहा फुटांहून उंच करू नका, शेंग हातानं तोडायची आहे. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावा आणि डांबर जमिनीच्या वर चार बोटं येऊ द्या. लाकूड कुजतं ते माती आणि हवा मिळतात त्या रेषेवर, तळाशी नाही. बेचकं असलेली मेढ मिळाली तर आडवा कळक त्यातच बसतो, बांधणी निम्म्यानं कमी.

वर १४ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार, दर दीड फुटावर, उभी-आडवी. कोपऱ्याच्या मेढींना बाहेरून तिरका ताण द्या. ताण न देता तार ओढली की चारी कोपरे आत झुकतात आणि तार झोळीसारखी लोंबते. पावसाचं पाणी धरलेला वालाचा मांडव किती जड होतो, हे तो खाली आल्यावरच कळतं.

तारेपर्यंत वेल चढवायला दोरी. सुतळी पावसात दोन-तीन महिन्यांत कुजते, म्हणून ती ऑक्टोबरच्या घेवड्याला चालते, जूनच्या वालाला नाही. नायलॉन टिकतो पण गुळगुळीत, वेल घसरून खाली ढीग होतो. काथ्या उत्तम, खरखरीत आणि पावसाला दाद न देणारा. दोरीचं खालचं टोक रोपाला बांधू नका. सुतळी भिजली की आखडते. रात्री पाऊस झाला की सकाळी रोप मुळासकट अर्धवट वर आलेलं दिसतं. रोपापासून चार बोटांवर खुंटी ठोका, दोरी तिला बांधा आणि थोडी सैल ठेवा.

घेवडा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं वळतो. उलटा वळवलात तर तो सकाळपर्यंत सुटून तुमच्या तोंडाकडं बघत बसलेला असतो.

घनसाळ

आजरा-गगनबावड्याकडं पाऊस जास्त, तिथं जूनला टाकलेलं बी सडतंच. आमच्या भागासाठी दोन गोष्टी सांगतो. एक, सपाट वाफ्यात नको, वीतभर उंच गादीवाफ्यावर टाका. दोन, बी भिजत घालू नका. कोरड्या मातीत पेरताना ४-५ तास भिजवलेलं चालतं, पण जमीन आधीच चिंब असेल तर भिजलेलं बी फुगून फुटतं आणि बुरशी धरते. खोली दीड इंच. एका आळ्यात तीन बिया टाका आणि दोन पानांवर आलं की जोमदार ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. मांडवावर दोन आळ्यांत चार-पाच फूट, ताटीवर वालाला दोन फूट, घेवड्याला एक फूट.

बियाणेपेटी

बीजप्रक्रियेत एक चूक सर्रास होते. रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट सगळ्या शेंगावर्गाला एकच समजतात. वाल आणि चवळीला एका गटाचे जिवाणू लागतात, घेवडा-राजम्याला दुसऱ्या गटाचे. पाकिटावर पिकाचं नाव असतं, ते वाचा. घरच्या पन्नास-शंभर बियांना चमचाभर पुरतं. सुपारीएवढा गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवा (गुळाला आपल्याकडं काय तोटा!), त्यातलं चमचा-दोन चमचे पाणी बियांवर शिंपडा, जिवाणूखत चोळा, सावलीत अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बी गुलाबी किंवा हिरव्या रंगात आलं असेल तर त्यावर बुरशीनाशक आहे. ते खायचं नाही, हात धुवायचे.

काम झालं की नाही ते महिन्याभरानं बघता येतं. विरळणीतलं एखादं रोप मुद्दाम ठेवा आणि तेव्हा मुळासकट अलगद काढा. गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर नत्र धरायचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. गुलाबी असताना वर युरिया टाकणं म्हणजे काम करणाऱ्या गड्याला सुट्टी देणं. वेल पानांत जातो, फूल लांबतं आणि कोवळ्या शेंड्यावर मावा ही रस शोषणारी कीड तुटून पडते.

संध्याकाळची_उसळ

वालाचा मांडव निम्मा फुललाय, निम्मा नाही. बी एकच, आळी एकाच दिवशीची, पाणी-खत सारखं. न फुललेला भाग रस्त्याकडचा आहे. काय कारण असावं?

करवीरकाठ

रस्त्याकडं खांबावर दिवा आहे का?

संध्याकाळची_उसळ

आहे. एलईडी, रात्रभर चालू.

करवीरकाठ

मग तोच. वालाला लागते ती सलग अंधारी रात्र. दिव्याखालच्या पानांना रात्र मिळतच नाही, त्यांच्या लेखी अजून आषाढच चाललाय. त्या बाजूला तुळईवर जुनं शेडनेट दुहेरी करून दिव्याकडं आडोसा करा, किंवा पुढच्या वर्षी तिकडं घेवडा लावा. त्याला दिव्याचं सोयरसुतक नाही. अर्का जय, अर्का विजय यांसारख्या झुडपी वालजातींनाही दिवसमानाची अट नाही, पण त्यांना मांडव लागत नाही. दोन-तीन फुटांची झाडं होतात.

पन्हाळ्याची_पायरी

लाल फुलांचा घेवडा, विलायतेत मांडवावर लावतात तो, कुणी लावतं का? बी मोठं, जांभळ्यावर काळे ठिपके. नातेवाईक पाठवतो म्हणतात.

बियाणेपेटी

आधी शेवटचं. परदेशातून बी पाकिटात घालून मागवू नका. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ प्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. देशातल्या बियाणेवाल्यांकडं मिळालं तर लावा.

हा घेवडा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या डोंगराळ थंड भागातला. साध्या घेवड्याशी तीन फरक लक्षात ठेवा. उगवताना त्याच्या डाळिंब्या, म्हणजे बियाची दोन दलं, मातीतच राहतात, वर थेट पानं येतात. त्यामुळे "बी वर आलंच नाही" म्हणून उकरू नका. दुसरं, साधा घेवडा स्वतःचं परागण स्वतः करतो, याला मधमाशी लागते. फुलांवर दुपारी औषध मारलंत तर शेंग धरणार नाही. तिसरं, मुळाशी कंद धरतो. वेल वाळला तरी कंदातून पुढच्या हंगामाला फुटू शकतो, फक्त आळ्यात पाणी साठू द्यायचं नाही.

उष्णता त्याला साध्या घेवड्याहून कमी सोसते. शहर साधारण ५५० मीटरवर, पन्हाळा साडेनऊशेच्या आसपास. तेवढ्या चढानं दोन-अडीच अंश कमी होतात, आणि या वेलाला तेवढेही मोलाचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टाका. फुला-शेंगांसाठी नोव्हेंबर अखेर ते जानेवारी एवढीच तुमची खिडकी. मुळाशी पालापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन ठेवा. फेब्रुवारी संपताना फूल गळायला लागलं की खत-पाणी वाढवून उपयोग नाही.

गच्चीवरचा_वेल

शेंड्यावर काळा मावा बसलाय, मुंग्यांची रांग लागलीय. वालाच्या फुलांचे झुबकेही चिकटल्यासारखे झालेत.

घनसाळ

दोन वेगळी दुखणी आहेत. मावा आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पाडा, दोन दिवस ओळीनं. मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि २-३ मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या पालथ्या बाजूनं. मुंग्या माव्याचा गोड स्राव खातात आणि त्याच्या शत्रूंना हाकलतात. म्हणून काठीच्या बुडाला ग्रीसचा बोटभर पट्टा ओढा, वेलाच्या खोडाला मात्र ग्रीस लावू नका.

झुबके जाळ्यानं चिकटलेत म्हणजे आत शेंग पोखरणारी अळी आहे. फवारा आत पोचत नाही. झुबका तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, एक दिवसाआड हे काम करा.

पुढं थंडीत भुरी येईल, पानावर पीठ सांडल्यासारखी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. निंबोळी तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको, पानं करपतात. भर उन्हातही नको. पानं पिवळी-हिरवी ठिपकेदार झाली तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला मोझॅक हा विषाणूचा रोग, त्यावर औषध नाही. वेल उपटा. जीव तुटतो, पण उपटा.

चिवाकाठी

तोडणीचंही सांगतो, कारण तिथं पुढच्या शेंगा ठरतात. वालाच्या तुऱ्यावर फुलं खालून वर उमलत जातात. तुरा ओरबाडला की वरच्या कळ्या गेल्या. एका हातात तुऱ्याचा देठ धरायचा आणि दुसऱ्यानं शेंग मुरगाळून घ्यायची. घेवडा दर तिसऱ्या दिवशी. वाकवल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे, दोरा ओढत राहिला म्हणजे उशीर झाला. चार शेंगा जून होऊन वेलावर राहिल्या तर वेलाला वाटतं बी झालं, काम संपलं. नवीन फूल कमी होतं. बियाण्याला एक वेल वेगळा राखा, त्यावर लाल चिंधी बांधा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

डबा_बरणी_कणगी

साठवणीवर मी लिहितो.

ताजी शेंग न धुता, कापडी पिशवीत, फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात. ५-७ दिवस. वरच्या थंडगार फळीवर ठेवलेल्या शेंगांवर तांबूस डाग पडतात, तो रोग नाही, थंडी बाधलेली असते.

फ्रीजरसाठी : दोरे काढा, इंचाचे तुकडे करा. चार लिटर पाणी खळखळ उकळवून त्यात अर्धा किलोच टाका. पुन्हा उकळी फुटली की तीन मिनिटं मोजा, लगेच बर्फाच्या पाण्यात तीन मिनिटं, मग पंचावर पूर्ण कोरडे. ताटात एकेरी थर करून दोन तास फ्रीजरमध्ये कडक करा, मगच पाव-पाव किलोच्या पिशव्या भरून हवा काढा. न उकळता भरलेल्या शेंगा दोन महिन्यांत गवतासारख्या लागतात. ओल्या भरल्या तर एकच ढेकूळ. उणे १८ अंशांत आठ-दहा महिने राहतात. लाईट बराच वेळ गेली आणि पिशवी मऊ पडली तर पुन्हा गोठवू नका, त्या दिवशीच भाजी करा.

वाळलं बी : शेंग वेलावरच खुळखुळेपर्यंत ठेवा. अवकाळीचं आभाळ दिसलं तर वेल बुडातून कापून पडवीत उलटा टांगा. झोडपल्यावर तीन-चार उन्हं द्या. मग नख दाबा, खूण उमटली तर अजून ओल आहे. दगडावर ठेवून ठेचल्यावर चपटं न होता फुटलं पाहिजे. आणखी खात्री हवी तर कोरड्या बाटलीत मूठभर बी आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर परत उन्हात.

भुंगा बहुतेक वेळा बाहेरून डब्यात शिरत नाही, तो शेतातूनच येतो. शेंगेवर, बियावर दिसणारे पांढरे ठिपके ही त्याची अंडी. म्हणून घट्ट डबा एकटा पुरत नाही, आतली अंडी आतच उबतात. खाण्याच्या कडधान्याला किलोला चहाचा एक चमचा, ५ मिली, शेंगतेल किंवा एरंडेल चोळा. प्रत्येक दाण्यावर तुकतुकी आली पाहिजे. पेरायच्या बियाला त्याहून बरा उपाय : पूर्ण वाळवून, हवाबंद बरणीत, सात दिवस फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर बरणी दिवसभर उघडू नका. गार बियांवर दव धरतं आणि सगळं वाळवलेलं वाया जातं.

संध्याकाळची_उसळ

किराणावाले बोरिक पावडर सुचवतात.

डबा_बरणी_कणगी

खायच्या कडधान्याला अजिबात नको. धुतलं तरी फटीत राहते. चाळलेली चुलीची राख चालते, दाण्याइतक्याच मापानं, थरावर थर. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. ओला पाला डब्यात वाफ धरतो आणि भुंग्याऐवजी बुरशी येते. पत्र्याच्या छपराखाली डबे ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तिथं बियांची भट्टी होते.

घनसाळ

खाण्याबद्दल एक सांगायचं राहिलंय. घेवडा-राजम्याचे, तसेच लाल फुलांच्या घेवड्याचे वाळके दाणे कच्चे किंवा अर्धकच्चे विषारी. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळू द्या, मग मऊ होईपर्यंत शिजवा. कुकरला प्रश्न नाही. मंद निखाऱ्यावर तासन्‌तास ठेवलेलं भांडं उकळीला येत नाही, तिथंच पोट बिघडतं. वालाचे वाळके दाणे, खासकरून काळपट, भिजवून पाणी बदलून उकळा आणि पहिलं पाणी टाकून द्या. कडवटपणा त्यातच जातो.

बियाणेपेटी

पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी वेलाच्या मधल्या भागातल्या, पूर्ण भरलेल्या शेंगा घ्या, शेंड्याच्या घेऊ नका. बरणीवर जात, महिना आणि वर्ष लिहा. बी नीट ठेवलं तर तीनेक वर्षं चालतं. पेरणीच्या आठ दिवस आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा. आठ फुटले तर तीन बियांच्या हिशेबानं टाका, सहाच फुटले तर आळ्यात पाच, त्याखाली गेलं तर उसळ करा. लाल फुलांच्या दोन जाती शेजारी लावून बी धरू नका, मधमाश्या त्यांचा संकर करून टाकतात.

गच्चीवरचा_वेल

बादल्यांना भोकं पाडून झाली. चिवा कुठल्या जाडीचा घ्यायचा?

चिवाकाठी

अंगठ्याएवढा. घ्यायच्या आधी काठी जमिनीवर टेकवून मधे गुडघा दाबा. कडकड वाजली तर आत कीड आहे, दुसरी घ्या.